रद्दी काढा

नेदरलँड्समधल्या आमच्या रायस्वाइकच्या घराच्या दाराला पत्रं टाकायची एक झडप होती, आणि त्या झडपेचा आवाज हा माझ्या विशीतला सगळ्यात ओळखीचा आवाज. आधी पोस्टमनची सायकल कुंपणाला टेकायची, मग झडप कुरकुरत उघडायची, पायपुसण्यावर पत्रं धप्पकन पडायची आणि झडप आपटायची. शनिवारी दुपारी हा आवाज आणि कुकरची तिसरी शिट्टी बहुतेक एकदमच व्हायची. बाबा सोफ्यावरून उठायचे, पत्रं उचलायचे आणि उभ्या उभ्या निकाल लावायचे. करखात्याचं निळं पाकीट असलं तर चेहरा गंभीर करून ते फ्रिजवर चुंबकाखाली. बाकी सगळं, म्हणजे सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं, दवाखान्याच्या सूचना, खेमेंतेची म्हणजे इथल्या नगरपालिकेची डचमधली लांबलचक पत्रं, हे जिन्याखालच्या कपाटात. रद्दीत. या देशात रद्दीवाला नाही. कोपऱ्यावर कागदाची मोठी निळी पेटी आहे, तिच्यात नेऊन टाकलं की काम झालं. पण पुण्यात वाढलेल्या माणसाचा हात कागद फुकट टाकायला धजत नाही. बाबा कोपऱ्याला कोपरा जुळवून गठ्ठे करायचे, सुतळीने बांधायचे आणि रचून ठेवायचे. कुणासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मी त्यावरून त्यांना भरपूर बोलले आहे. ते सगळं बोलणं मी या प्रकरणात जाहीरपणे मागे घेते.

आई पुण्यात वकिली करायची. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेत ती लेखी पास झाली होती, आणि मुलाखतीचं पत्र ज्या आठवड्यात आलं त्याच आठवड्यात बाबांचं इकडचं परमिट आलं. आम्ही इकडे आलो. ते पत्र तिने रद्दीत टाकलं नाही, साड्यांच्या कप्प्यात ठेवलं, आणि त्यावर घरात कधी चर्चा झाली नाही. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. पुढे ती डच शिकली आणि दर गुरुवारी दुपारी आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात टेबल मांडून बसायला लागली. डच लोक त्या जागेला वाइकसेंट्रम म्हणतात, पण लांब खोली, घडीच्या खुर्च्या, भिंतीवर मुलांची चित्रं आणि पाणचट कॉफी हे सगळं पाहिल्यावर समाजमंदिर हाच शब्द बरोबर वाटतो. तिच्या टेबलाशी लोक पत्रं घेऊन यायचे. घरमालकाची नोटीस, विम्याचा नकार, शाळेचं पत्र. मोरोक्कोहून आलेले आजोबा, सुरीनामच्या बायका, पोलंडचे रंगारी, आपले आयटीवाले. आई पत्र दोनदा वाचायची, चष्मा काढायची आणि मग सांगायची. तिचं डच अगदी सावकाश, कोर्टातल्या टंकलेखकाला मजकूर सांगतात तसं. टेबलावर एक स्टीलचा डबा असायचा, त्यात थालीपिठाचे चौकोनी तुकडे. समाजमंदिराची किल्ली सांभाळणारी कॉरी नावाची सत्तरीची बाई त्या थालीपिठावर सफरचंदाचा काळा पाक लावून खायची. आई तेवढ्यापुरती खिडकीबाहेर बघायची.

मी लायडनला शिकत होते आणि शिकण्यापेक्षा पत्रकं जास्त लिहीत होते. भाडेकरू विद्यार्थ्यांच्या एका गटात मला पत्रक लिहायचं शिक्षण मिळालं. पत्रक वाचणारा माणूस चालत असतो, त्याला थांबवायचं तर पहिलं वाक्य त्याच्या तोंडावर बसलं पाहिजे, एवढंच ते शिक्षण. मला ते इतकं आवडलं की मी घरीही तसंच बोलायला लागले. माझ्या त्या काळातल्या पत्रकांचा एक खोका माझ्याकडे अजून आहे. परवा उघडून पाहिला. निम्म्या पत्रकांची लाज वाटली, निम्म्यांचा अभिमान वाटला, आणि आता तिशी उलटल्यावर कुठली निम्मी कुठली हे दर वर्षी बदलतं.

तर खेमेंतेने समाजमंदिराची इमारत विकायचं ठरवलं. निवडणुकीनंतर येणारी नवी नगरपरिषद त्यावर मत देणार होती. त्याआधी एका सभेत नागरिकांना पाच-पाच मिनिटं बोलू देत होते. आई गेली. तिने मुद्दे क्रमाने लिहून नेले होते, कुठल्या गुरुवारी किती माणसं आली त्याची वही नेली होती. मी मागे प्रेक्षकांत बसले होते आणि मला दिसत होतं की समोरच्या अर्ध्या सभासदांच्या माना फोनमध्ये होत्या. पाच मिनिटं झाल्यावर अध्यक्षांनी आभार मानले. आईने कागद एकावर एक नीट ठेवले. आम्ही ट्रामच्या थांब्यापर्यंत चालत आलो. थांब्यावर म्हणाली, "कोर्टात निदान न्यायाधीश जागा असल्याचं सोंग तरी करतो." आणि ट्राम आल्यावर, चढता चढता, "तिथेच जाऊन बसायला हवं."

पाच वर्षं सलग इथे राहिलेल्या माणसाला डच पासपोर्ट नसला तरी नगरपरिषदेला मत देता येतं आणि उभंही राहता येतं. आईला हे माहीत होतं, कारण आई कायदा वाचते. ती गावातल्या एका स्थानिक पक्षाकडे गेली. पक्षाचा नेता योस हा उंच, हसरा, सगळ्यांशी हात मिळवणारा माणूस. त्याला भारतीय वस्तीतलं एक नाव हवंच होतं. समाजमंदिर वाचवायचं का, यावर तो म्हणाला की पक्षाने अजून भूमिका ठरवलेली नाही, पण तिच्यासारख्या लोकांनी आत येऊन ती ठरवावी. आईला ते पटलं. मला नाही पटलं. आणि यादी आल्यावर माझं बरोबर ठरलं. पक्षाला साधारण चार जागा मिळायच्या. आई अकरावी. फोटोसाठी त्यांनी निरोप पाठवला की रंगीत साडी नेसून या. आई पांढरी साडी आणि वर काळा कोट घालून गेली, कोर्टात जायची तशी. पत्रकात तो फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा छापला. मी टेबलावर ते पत्रक आपटलं आणि म्हणाले की हे लोक तुला लोणच्यासारखं ताटाच्या कडेला वाढतायत. आई नवलकोलाची भाजी परतत होती. म्हणाली, लोणचं कुणी ताटात टाकून उठत नाही.

यादीत अकरावं असूनही निवडून यायची एक वाट होती. इथे मतपत्रिकेवर पक्षाला शिक्का मारत नाहीत. पक्षाच्या यादीतल्या एका माणसाच्या नावापुढचा चौकोन लाल पेन्सिलीने भरायचा असतो. पक्षाला जितक्या जागा मिळतील त्या एरवी यादीच्या क्रमाने वाटल्या जातात. पण खालच्या कुणाला स्वतःच्या नावावर ठरावीक मतं पडली तर तो वरच्यांना ओलांडून आत जातो. म्हणजे आईला आमच्या लोकांची मतं आईच्या नावावर हवी होती, आणि त्यासाठी आईने ती मागायला हवी होती. घोडं तिथेच अडलं. आई मत मागायला तयार नव्हती. लोकांना मतदानाचा नियम समजावून सांगेन म्हणाली, समाजमंदिराची वही दाखवेन, पण 'मला मत द्या' हे तीन शब्द तिच्या तोंडून निघेनात. एकदा जेवताना बाबांनी तिला खिजवलं की अमेरिकेत काही राज्यांत न्यायाधीशसुद्धा पक्षाच्या तिकिटावर निवडून येतात, रस्त्यावर स्वतःच्या नावाच्या पाट्या लावून. आईचा घास हातातच राहिला. "पक्षाच्या तिकिटावर न्यायाधीश?" ती म्हणाली. "मग हरलेल्या पक्षाच्या माणसाने त्याच्यापुढे उभं राहायचं कसं?" बाबा म्हणाले, अगं, पण तू तर न्यायाधीश होत नाहीयेस, नगरसेविका होतेयस. आईने घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "मला दुसरं काही होता येत नाही, श्रीकांत."

म्हणून प्रचार माझ्याकडे आला. मतदानाच्या आधीच्या आधीच्या शनिवारी मी पत्रकं घेऊन मृणालमावशीकडे गेले. मृणालमावशी आमच्या मागच्या गल्लीत राहते, आईला वसुताई म्हणते, आणि दोन घरांत डब्यांची ये-जा इतकी की कुठलं झाकण कुणाचं ते दोघींनाही माहीत नाही. तिने चहा टाकला. मी म्हटलं, मावशी, पुढच्या बुधवारी मत कुणाला द्यायचं ते सांगायला नको ना? ती म्हणाली, अगं, दिलं असतं गं, वसुताई उभी आहे म्हटल्यावर, पण आपल्याला कुठला आलाय अधिकार? आपला पासपोर्ट भारताचा. मी म्हटलं, तुम्हाला येऊन नऊ वर्षं झाली, तुम्हाला अधिकार आहे, खेमेंतेने पाकिटातून स्टेमपास पाठवला असेल. तो मतदानाचा पास घेऊन गेल्याशिवाय मत देता येत नाही. मावशीचा चेहरा कोरा. पाकीट आलं होतं, म्हणाली, दोन आली होती, हे म्हणाले आपल्यासाठी नाही, चुकून आलं असेल. मग कुठे आहेत ती? मी विचारलं आणि माझा आवाज चढलाच असणार, कारण तिने गॅस बारीक केला. "जातंय कुठे," ती म्हणाली. "रद्दीत असेल."

वॉशिंग मशीनच्या मागे तिचे गठ्ठे होते. आमच्यासारखेच. सुतळी नव्हती, जुन्या ओढणीची पट्टी होती. आम्ही दोघी फरशीवर बसलो आणि वरून खाली निघालो, बटाट्यांची जाहिरात, पडद्यांची जाहिरात, दंतवैद्य, आणि मग दोन पाकिटं, न फोडलेली. मावशीने पदराला हात पुसून तिचं पाकीट उघडलं. त्यावर तिचं पूर्ण नाव होतं, माहेरच्या आडनावासकट, इथले सरकारी कागद लिहितात तसं. ती ते बराच वेळ वाचत राहिली. मी तोवर चहा न पिता सायकलवर बसले होते. घरी येऊन मी आमचा जिन्याखालचा गठ्ठा सोडला. वरून चौथा कागद. बाबांचा स्टेमपास. उमेदवाराच्या नवऱ्याचा. बाबा म्हणाले, "मला वाटलं पाण्याच्या मीटरचं आहे."

मला आयुष्यात इतका राग आणि इतका आनंद एकदम कधी आलेला नाही. कोपऱ्यावरच्या निळ्या पेटीत सगळं फेकणाऱ्या लोकांचे पास गेले ते गेले. पण आमचे लोक काही फेकतच नाहीत. वस्तीत मशीनच्या मागे, जिन्याखाली, पलंगाखाली, गच्चीच्या खोलीत, गठ्ठ्यागठ्ठ्यांनी मतं बांधून ठेवलेली होती. त्या दुपारी मी माझं सगळ्यात चांगलं पत्रक लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत 'रद्दी काढा'. खाली, 'तुमचं नाव छापलेलं एक पाकीट तिच्यात आहे. ते चुकून आलेलं नाही. पाच वर्षं इथे कष्ट केलेत, म्हणून आलंय.' आणि तळाशी, सापडलं नाही तर दुसरा पास मागायला कुठे जायचं ते. आईचं नाव शेवटच्या ओळीत होतं, तेही आईने वाचून 'जरा लहान कर' म्हटल्यावर केलेल्या अक्षरात.

पुढचा आठवडाभर घरोघरी एकच दृश्य. बैठकीत पसरलेली रद्दी, फरशीवर नवरा-बायको, कडेला कंटाळलेली पोरं डचमध्ये विचारतायत की आपण काय हरवलंय. पास सापडत होते. पण सापडल्यावर एक नवी गोष्ट व्हायला लागली. बुधवारी ऑफिस आहे, लोक म्हणायचे, कामाच्या दिवशी कुठे जायचं, पासाच्या मागे सही करून देतो, आमच्या वतीने तूच दे की मत. इथे तशी सोय आहे. आपला पास सही करून दुसऱ्याला देता येतो, आणि त्याला स्वतःच्या मताबरोबर आणखी दोघांची मतं देता येतात. बाबा तर मोहरून गेले. त्यांच्या तरुणपणी पेठेत निवडणूक म्हणजे टेबल टाकून चिठ्ठ्या वाटणं, रिक्षातून म्हाताऱ्यांना आणणं, दुपारी कार्यकर्त्यांना मिसळ. ते एक लाल कापडी पिशवी घेऊन माझ्याबरोबर फिरायला लागले आणि ऑफिसमध्ये करतात तसा तक्ता केला, कुणाचे पास कोण नेणार याचा. शनिवारी दुपारपर्यंत पिशवीत तेवीस सह्या केलेले पास होते. मी ते जेवणाच्या टेबलावर पत्त्यांसारखे मांडले, आईला दाखवायला.

आई बाजारातून आली. कोथिंबिरीची जुडी ओट्यावर ठेवली, टेबलाकडे पाहिलं आणि हे काय आहे म्हणून विचारलं. मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा गुरुवारी टेबलाशी असायचा तसा होत गेला, आणि मला कळलं की मी पत्र घेऊन आलेल्यांपैकी एक झालेय.

"घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्यास?"

"लोकांनी आपणहून दिल्या."

"तू दारात उमेदवाराचं पत्रक घेऊन उभी होतीस. असे पास गोळा करणं इथे गुन्हा आहे, मुक्ता. आणि नसता तरी हे परत जाणार आहेत."

बाबा म्हणाले, वसुधा, आता चारच दिवस राहिले, हे तेवीस गेले तर यातले दहासुद्धा स्वतः जाणार नाहीत. मी म्हटलं की ते लोक तुला पोस्टाच्या तिकिटाएवढी छापतात, आणि तू त्यांच्यासाठी नियम पाळतेस. आई, तू हरशील. माझा आवाज फाटला होता.

"हरेन," ती म्हणाली. "उद्या सकाळी निघू. तिघंही."

रविवारी समोरून वारा होता, डच वारा, कुठेही जा, समोरूनच येणारा. आई पुढे, मी मध्ये, बाबा लाल पिशवी घेऊन मागे. तेवीस पास, अकरा घरं. प्रत्येक दारात आई तेच बोलली. हे तुमचं आहे, हे माझ्या घरी यायला नको होतं, चूक माझी. पहिल्या दारात बाबा घाईने म्हणाले की चूक माझी, तेव्हा तिने त्यांना थांबवलं, उमेदवार मी आहे म्हणाली. मग ती सांगायची की मागे सही केलेली असली तरी पास हातात असेल तर स्वतः जाऊन मत देता येतं. मत कुणाला, हे नाहीच सांगायची. मी तिच्या मागे उभी राहून दात खात होते. लोक अवघडून जात होते. चहा नको म्हणून आम्ही पुढे.

देशपांडेकाकांच्या घरी मात्र खटका उडाला. काका मोठ्या हुद्द्यावर, मंडळाच्या गणपतीत माईक त्यांच्याच हातात. आई उभी राहिली तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते की वहिनी, इथे येऊनसुद्धा राजकारण का? तरी त्यांनी स्वतःचा आणि काकूंचा, दोन्ही पास मला दिले होते, वहिनी आपल्याच म्हणून. आता आई परत द्यायला आलेली पाहून ते चिडले.

"अहो, सही केलीय, घेऊन जा की. वेळ कुणाला आहे? पुण्यात आमच्याकडे कार्यकर्ते चिठ्ठ्या घेऊन घरी यायचे, त्यात काय झालं?"

"तिथेही चिठ्ठी आणून द्यायचे," आई म्हणाली. "घेऊन जायचे नाहीत."

काका हसले, पण हात पुढे केला नाही. तेवढ्यात आतून देशपांडेकाकू आल्या. काकू मंडळात कधी बोलायच्या नाहीत, मोदक त्यांचे, आभार काकांनी मानायचे. त्यांच्या हाताला कणीक होती. त्यांनी आईच्या हातातून स्वतःचा पास घेतला, उलटा करून मागची सही पाहिली.

"ही माझी सही नाही," त्या म्हणाल्या. "मला कुणी विचारलंच नाही."

काका म्हणाले, अगं, त्यात विचारायचं काय. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पासावर कणकेचा अंगठा उमटला होता, तो त्यांनी पदराने पुसला आणि आईला विचारलं, "लाल पेन्सिल तिथे असते, का घरून न्यायची?"

दुपारी आम्ही घरी पोहोचलो तेव्हा मी ठरवून टाकलं होतं की निवडणूक संपली. तेवढ्यात फोन वाजू लागला. वस्तीतल्या बायकांचा एक ग्रुप होता, हळदीकुंकू आणि कढीपत्ता कुठे मिळतो यासाठीचा. त्यावर काकूंनी लिहिलं होतं, 'आपापला पास आपापल्या पर्समध्ये ठेवा. नवऱ्याकडे देऊ नका.' खाली अंगठे, फुलं, हात जोडलेले. एकीने लिहिलं, माझ्याही मागची सही यांचीच निघाली. दुसरीने लिहिलं, बुधवारी सकाळी साडेसातला जाऊ सगळ्या, नंतर ऑफिसं आहेत. मी कितीतरी वर्षं पत्रकं लिहीत होते. आणि माझ्या सगळ्या पत्रकांच्या वरचढ पत्रक काकूंनी कणकेच्या हाताने दोन ओळींत लिहिलं. मी ते मान्य करायला तेव्हा दोन दिवस घेतले. आता लगेच करते.

बुधवारी मतदान समाजमंदिरातच होतं. सकाळी आम्ही गेलो तर बाहेर रांग. पुढे काकू, मागे मृणालमावशी, मग ऑफिसच्या कोटातल्या मुली, कुणी सायकलचं हेल्मेट न काढलेली, कुणी डबा हातात धरून, आणि प्रत्येकीने पर्स काखेत घट्ट दाबलेली. दोघी-तिघी चक्क साडीत. केंद्रावरच्या डच बाईंनी मला विचारलं, आज तुमचा काही सण आहे का? मी म्हटलं, आहे. रांगेच्या शेवटी, बायकोच्या बऱ्याच मागे, देशपांडेकाका उभे होते. त्यांनी आईकडे पाहून मान हलवली. त्यांनी कुणाला मत दिलं ते मला माहीत नाही, आणि आईने मला विचारायची परवानगी दिली नाही. तिने स्वतःचं मत दिलं आणि भाजणी भिजवायला घरी गेली, कारण दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

पक्षाला किती जागा ते बुधवारीच कळलं. चार. प्रत्येक उमेदवाराची मतं मात्र गुरुवारी दिवसा मोजतात, एका मोठ्या क्रीडागृहात, आणि ती कुणालाही उभं राहून बघता येतात. तिथे रबरी बुटांचा वास, जमिनीवर बॅडमिंटनच्या रेषा, आणि रेषांवर लांब टेबलं. सतरंजीएवढ्या मतपत्रिका उघडायच्या, लाल चौकोन शोधायचा, ज्याच्या त्याच्या ढिगावर ठेवायची. मी दोरीच्या अलीकडून आमच्या पक्षाच्या टेबलाकडे बघत होते. पहिल्या नावाचा, म्हणजे योसचा, ढीग सगळ्यात उंच. मग दुसरीचा. मग बारीकसारीक, वडीएवढे. आणि टेबलाच्या पार टोकाला, जिथे त्यांनी जागाच कमी ठेवली होती, तिथे एक ढीग वाढायला लागला. मोजणाऱ्या मुलाने तो एकदा सरकवला. मग पुन्हा सरकवला. मग उठून दुसरं टेबल ओढून आणलं. त्या दुसऱ्या टेबलाचा पाय जमिनीवर घासल्याचा आवाज मला आजही कुठल्याही संगीतापेक्षा प्रिय आहे.

तीनच्या सुमाराला टेबलाच्या प्रमुख बाईंनी आकडे वाचले. लागणारी मतं ओलांडून आई एकतीस मतांनी पुढे होती. मी आकडा 'रद्दी काढा'च्या एका पत्रकामागे लिहून घेतला. योस आला. अजून हसराच, पण जरा कमी. म्हणाला, तुझ्या आईमुळे चौथा बाहेर गेला, कळतंय ना? तो माझा पंधरा वर्षांचा मित्र आहे.

"हो," मी म्हटलं, आणि सायकलकडे पळाले.

समाजमंदिरात नेहमीसारखी गर्दी होती. आई टेबलाशी, समोर एक आजोबा, त्यांचं पत्र तिच्या हातात. मी दारातूनच "आई" म्हणाले. तिने मान वर न करता डाव्या हाताने खुर्च्यांच्या रांगेकडे बोट केलं. माझ्या पुढे तिघं होते. मी बसले. कॉरीने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, पण तीही शहाणी, डबा उघडून तिने एक तुकडा माझ्या हातात ठेवला, काळ्या पाकासकट. मी तो खाल्ला. वाईट लागत नाही, हे मी इथे पहिल्यांदाच लेखी देते. ते समाजमंदिर अजून उभं आहे, कॉफी अजून पाणचट आहे, आणि विक्रीचा ठराव ज्या सभेत पडला त्या सभेत एकाही सभासदाने फोनमध्ये मान घातली नव्हती, कारण आई प्रत्येकाकडे आळीपाळीने बघत बोलत होती. पण ते नंतरचं. त्या दुपारी मी चाळीस मिनिटं रांगेत बसून राहिले. आयुष्यात मी एवढा वेळ गप्प बसलेले तेवढंच.

माझा नंबर आला. आई म्हणाली, "हं, काय आणलंयस?"

मी पत्रकाची मागची बाजू तिच्यापुढे सरकवली. तिने ती वाचली. चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचली, दोनदा वाचते तशी. मग चष्मा काढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिने पुसलं नाही, तसंच ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"आता पंचाईत आहे तुझी," ती म्हणाली. "आता खेमेंते म्हणजे मी. ओरडणार कुणावर?"

"तुझ्यावर."

"ठीक आहे. पण लेखी आण." तिने पत्रकाची घडी घातली, पर्समध्ये ठेवली, पर्स काखेत दाबली आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. "पुढचं कोण?"